पंडिता रमाबाई : शिकविणें कशासाठीं?

अक्कलकोटाहून दुधनीकडे जातांना वाटेंत मैंदर्गी लागते. या बाजूच्या गांवांत बाजाराच्या दिवशीं मराठी व कानडी अशा दोन्ही भाषा कानीं पडतात, आणि कित्येक घरांत चुलीजवळ एक भाषा व उपासनेंत दुसरी, असें चालतें. कांहीं वर्षांमागें या भागांतील एका लहान मंडळीच्या शब्बाथशाळेची परीक्षा घेण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें होतें. मुलें न्हाऊनमाखून ओळीनें बसलीं होतीं. मथुशलह किती वर्षें जगला, पवित्र शास्त्रांत पुस्तकें किती व अध्याय किती, दाविदानें ओढ्यांतून गोटे किती उचलले, असे प्रश्न मीं एकामागून एक विचारले. ९६९, ६६, ११८९, पांच, अशीं उत्तरें फटाफट आलीं. उपदेशकबंधूंचा चेहरा खुलला, आणि माझाहि. एका मुलीस मीं विचारलें कीं जक्कय कोणत्या झाडावर चढला. तिनें उंबर म्हणून बरोबर सांगितलें. तो झाडावरून उतरल्यावर त्यानें कोणाचें काय परत केलें, हें मात्र त्या मुलीस ठाऊक नव्हतें, आणि तें विचारण्याचें मलाहि सुचलें नव्हतें. तें विचारलें दाराशीं बसलेल्या एका म्हातारीनें. तिची पितळेची घागर मंडळींतल्याच एका बंधूकडे तीन वर्षें गहाण पडली होती.

त्या दिवसापासून पंडिता रमाबाईंचें चरित्र मीं निराळ्या रीतीनें वाचूं लागलों. बाईंच्या विद्वत्तेची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या विद्येनें ती कीर्ति मिळाली ती त्यांनीं हळूहळू कशी बाजूस ठेविली, आणि दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल एवढीच हातीं कशी राखिली, तें आपल्या उपदेशकांनीं व बायबल-स्त्रियांनीं विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर बाजूचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणीं ते पुण्यास अध्ययन करीत असतां त्यांचे गुरु पेशव्यांच्या वाड्यांत राणीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखीं शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून त्यांस नवल वाटलें, आणि आपल्या पत्नीसहि हें शिकवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. शिकविलेंहि. याबद्दल त्यांस पंडितांच्या सभेपुढें उभें राहून जाब द्यावा लागला. तो त्यांनीं शास्त्राधारानें दिला, परंतु लोकांची नाराजी टळली नाहीं, आणि शेवटीं ते रानांत जाऊन आश्रम करून राहिले. पुढें तेंहि मोडलें. रमाबाई सुमारें सहा महिन्यांच्या असतां त्यांस वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोक्यावरून खालीं आणिलें, आणि तेथून त्या कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली ती जन्मभर पुरली.

मुलीस शिकविलें तें आई लक्ष्मीबाईंनीं. दिवसभर घरकामांतून सवड नसे, म्हणून पहाटे, पांखरें बोलूं लागण्याच्या वेळीं, झोंपलेल्या मुलीस उठवून मांडीवर घेऊन त्या पाठ सांगत. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते. वाचकांस याचा अंदाज यावा म्हणून सांगतों कीं आपल्या स्तोत्रसंहितेंतील सर्व १५० स्तोत्रांचीं वचनें एकत्र केलीं तर त्याच्या सातपटींहून हें अधिक भरतें. एक स्तोत्र पाठ झालें नाहीं म्हणून आम्हीं मुलांस उभें करतों, तेव्हां हा आंकडा आठवावा. आणि पुढें त्या १८,००० श्लोकांचें काय झालें, तेंहि आठवावें.

कारण त्यावरच या कुटुंबाचा निर्वाह चालत असे. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून ते पुराण वाचीत. लोक येत, नमस्कार करीत, फुलें, धान्य, पैसा, वस्त्र पुढें ठेवून जात. वाचन संस्कृतांत होई आणि ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांस संस्कृत येत नसे. अर्थ सांगण्याची चाल या घरीं नव्हती. पुराणाचे शब्द कानावर पडले कीं पुण्य लागतें अशी ऐकणाऱ्यांची समजूत होती, आणि वाचणाऱ्यांचीहि तीच. त्यांत कपट नव्हतें, हें आपण न्यायानें म्हटलें पाहिजे. अनंतशास्त्री सत्यनिष्ठ मनुष्य होते. बाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत या दिवसांविषयीं लिहिलें तेंहि आईबापांविषयीं आदर राखूनच. परंतु वाचणारा वाचीत आहे, ऐकणारा ऐकत आहे, आणि दोघांच्या मध्यें अर्थ म्हणून कांहीं जात नाहीं, अशी ती देवघेव होती. आमच्या उपासनेंत असें कधीं होतें किंवा नाहीं, तें ज्यानें त्यानें पहावें.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडूं लागला. जवळचा पैसा व्रतें, दानें व अनुष्ठानें यांत खर्च झाला होता. देव प्रसन्न होऊन संकट टाळील अशी आशा होती. मजुरी करण्याची शरीराला संवय नव्हती, आणि भीक मागण्याची लाज होती. रानांतलीं पानें खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. आधीं वडील गेले, थोड्याच काळानें आई, मग वडील बहीण. उरलीं रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. हीं दोघें पायीं पायीं उत्तरेस काश्मीरपर्यंत गेलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं, थंडींत पांघरूण नाहीं म्हणून वाळूंत खड्डे करून गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनीं रात्री काढल्या. या फिरतीनें बाईंस मराठीशिवाय कानडी, हिंदी व पुढें बंगाली याहि भाषा आल्या. पुस्तकांतून नव्हे, रस्त्यावर. मैंदर्गीकडच्या आमच्या लोकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांची ब्राह्मण मुलगी, अविवाहित, संस्कृतांत बोलते व शास्त्रांतील वचनें तोंडपाठ म्हणते, हें पाहून तेथील पंडितांनीं तिची परीक्षा घेतली व पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सभा झाल्या, मानपत्रें झालीं. येथें एखादें सामान्य मनुष्य थांबलें असतें, आणि जन्मभर त्या पदवीवर जगलें असतें. रमाबाई थांबल्या नाहींत. स्त्रियांच्या कर्तव्यांविषयीं व्याख्यानें द्यावीं म्हणून त्यांस धर्मशास्त्रें वाचावयास सांगण्यांत आलें. तीं वाचतांना त्यांच्या लक्षांत आलें कीं नाना ग्रंथांचीं नाना मतें असलीं तरी स्त्री व शूद्र यांस हलकें लेखण्याविषयीं त्यांचें बरेंच एकमत आहे. पाठ म्हणतांना जी गोष्ट कधीं दिसली नव्हती, ती अर्थ पाहूं लागतांच दिसली.

याच शहरांत त्या प्रथम एका ख्रिस्ती मेळ्यास गेल्या. लोक प्रार्थनेसाठीं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकतांना पाहून हे खुर्च्यांची पूजा करतात असें त्यांस वाटलें. कोणी समजावून सांगितलें नाहीं, मग दुसरें काय वाटणार? तेथें त्यांस पवित्र शास्त्राची एक संस्कृत प्रत देण्यांत आली. देणाऱ्यांचा हेतु चांगला होता. पंडितेस पंडितांच्या भाषेंत द्यावें, असाच विचार असणार. त्यांनीं तें उघडून पाहिलें, परंतु तें संस्कृत त्यांच्या वाचनांतल्या संस्कृतासारखें नव्हतें, विषय अनोळखी, आणि त्यांत वेळ घालविणें व्यर्थ वाटून त्यांनीं तें मिटलें.

आतां दुसरें पुस्तक पहा. १८८० सालीं डाक्का येथें श्रीनिवास वारले, आणि त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोघांसहि जातीबाहेर व्हावें लागलें. आसामच्या बाजूस सिलचर येथें पतीच्या पुस्तकांत बाईंस एक लहानशी चोपडी सांपडली. ती लूकाचें शुभवर्तमान होती, बंगालींत छापलेली. भाषा रोजच्या बोलण्यांतली. ती त्यांनीं वाचली व त्यांस ती आवडली. एका मिशनरी साहेबांनीं घरीं येऊन उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला भाग समजावून दिला, तोहि त्यांच्या मनास लागला. भारी बांधणीच्या संस्कृत शास्त्रानें जें झालें नाहीं तें या चोपडीनें झालें. बाईंनीं पुढें पवित्र शास्त्राच्या भाषेविषयीं जो हट्ट धरिला त्याचें मूळ माझ्या समजुतीप्रमाणें येथें आहे.

१८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकाची मराठी संस्कृत शब्दांनीं भरलेली आहे. पंडितेची लेखणी अजून पंडितेचीच होती. त्याच सालीं हंटर कमिशनापुढें त्यांची साक्ष झाली. शाळांत स्त्री-शिक्षिका असाव्यात व त्यांस शिकविण्याचें शिक्षण मिळावें, आणि आजारी स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर हव्यात, असें त्यांनीं मांडलें. ज्यास पुष्कळ येतें त्यास शिकवितां येतेंच असें नाहीं, हें त्यांनीं इतक्या लवकर ओळखिलें होतें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. वैद्यकी शिकण्याची इच्छा होती, पण कानांनीं दगा दिला. ऐकूं येणें कमी होत चाललें होतें. लंडनाजवळ फुलम येथें भगिनींनीं पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें घर त्यांनीं पाहिलें. आपल्या देशांत ज्या स्त्रीची सावली कोणी अंगावर पडूं देणार नाहीं, तिची येथें चांगल्या कुळांतील बाया मायेनें सेवा करतात, हें असें कां, असें त्यांनीं विचारिलें. एका भगिनीनें त्यांस विहिरीजवळच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. तिनें विहिरीची खोली किंवा शोमरोनाचा इतिहास सांगितला नाहीं. त्या स्त्रीशीं प्रभु कसा बोलला, तें सांगितलें. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखांनीं बुद्धीचें समाधान झालें होतें, पण मन येथें वळलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

यानंतर चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी शिकत. तेथें मतांविषयीं त्या इतके प्रश्न विचारीत कीं वडील भगिनी चिंतेंत पडत. ठराविक शब्द ठराविक वेळीं म्हटले म्हणजे विश्वास झाला, असें मानण्यास त्या तयार नव्हत्या. लहानपणीं शब्द म्हणून पाहिलेले होते. आमच्या मंडळ्यांत एखादा विद्यार्थी फार प्रश्न विचारूं लागला कीं आम्ही त्यास गर्विष्ठ म्हणतों. पुष्कळदां त्या मुलाची चूक एवढीच असते कीं आम्हांस उत्तर येत नाहीं.

१८८६ च्या मार्चांत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासमारंभासाठीं त्या अमेरिकेंत गेल्या व १८८८ पर्यंत राहिल्या. व्याख्यानांच्या गर्दींतहि त्यांनीं फिलाडेल्फिया येथें फ्रोबेल यांची बालोद्यान-पद्धति शिकून घेतली. या पद्धतींत मुलाच्या हातीं आधीं वस्तु येते, मग तिचें नांव. चेंडू, काठी, बी, पान, माती यांवरून तें पाहणें, मोजणें व बोलणें शिकतें. १८,००० श्लोक ज्यांनीं कानांनीं घेतले त्या बाई तीस वर्षांच्या वयांत लहान मुलांच्या चेंडूजवळ बसून पुन्हां शिकूं लागल्या! मराठी मुलींसाठीं वाचनाचीं पुस्तकें तयार करण्यासहि त्यांनीं तेथेंच हात घातला.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडलें. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० सालीं सदन पुण्यास आलें. तेथें मुलींस ख्रिस्ती करतात असा गवगवा होऊन १८९३ सालीं सल्लागारांनीं अंग काढून घेतलें व पुष्कळ मुली घरीं नेण्यांत आल्या. त्या वादाची हकीकत इतरत्र भरपूर छापलेली आहे.

अधिक महत्त्वाची गोष्ट १८९१ च्या सुमारास बाईंच्या अंतःकरणांत घडली. बाप्तिस्म्यास आठ वर्षें होऊन गेलीं होतीं. पंथोपपंथांचीं मतें त्यांनीं वाचलीं होतीं, वाद घातले होते, इंग्रजींत नांवाजलेलें पुस्तक लिहिलें होतें. आणि एके दिवशीं त्यांस असें दिसून आलें कीं ख्रिस्ती धर्माविषयीं आपणांस पुष्कळ माहिती आहे, पण ख्रिस्ताची व आपली ओळख नाहीं. हें त्यांनीं लपविलें नाहीं. सर्व जगास कळेल असें लिहून ठेविलें. पदवीधर पंडितेस हें लिहिणें किती जड गेलें असेल, तें ज्याला चार लोकांत उपदेश करावा लागतो त्याला सहज समजेल.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. उपासमार काय असते तें त्यांस पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व तेथून सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगामुळें इतकी माणसें ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेल्या सुमारें १०० एकर जमिनीवर त्यांस नेलें. तेंच मुक्ति सदन. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळानें आणखी भर पडली, आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

इतक्या जणींस शिकवावयाचें काय? हा प्रश्न बाईंपुढें होता, आणि त्याचें उत्तर केडगांवास ज्या रीतीनें दिलें गेलें तेंच या चरित्राचें सार आहे. अक्षरओळख सर्वांस. त्याबरोबर प्रत्येकीच्या हातास एक काम : माग, शिवण, शेत, गोठा, तेलाचा घाणा, भट्टी, धुण्याचें काम, छापखाना. आंधळ्या स्त्रियांसाठीं बार्तिमी सदन, जेथें बोटांनीं वाचण्याची लिपि शिकवीत. शिकलेलीनें मागून आलेलीस शिकवावें, अशी रीति होती. ज्यांस बोलण्याचें दान होतें त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जात. बाईंस संस्कृतच्या वर्गाची हौस असती तर महाराष्ट्रांत त्यांच्या तोडीचें कोण होतें? पण ज्या मुलीस उद्यां आपल्या पायांवर उभें रहावयाचें, तिला काय लागेल, यावरून त्यांनीं वर्ग ठरविले. शिस्तींत त्या कडक होत्या. आणि शेवटल्या वर्षांत त्यांस जवळजवळ कांहींच ऐकूं येत नसे, त्यामुळें त्यांचा बराच वेळ लिहिण्यावाचण्याच्या खोलींत जाई.

त्या खोलींत जें काम चाललें होतें तें म्हणजे सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर. जें मराठी शास्त्र तेव्हां प्रचारांत होतें त्यांत संस्कृत शब्द पुष्कळ, आणि तें वाचतांना खेड्यांतून आलेल्या बायका अडखळत. म्हणून वयाच्या पन्नाशीच्या आसपास बाईंनीं इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि सुमारें सतरा वर्षें हें काम एकहातीं केलें. संस्कृत शब्द त्यांस हुडकावे लागत नव्हते, ते तर आपण होऊन लेखणीवर येत असणार. ते थोपवून धरून, शेतांत व जात्यावर बोलतात तसा साधा शब्द शोधणें, हें त्यांच्यासारखीस मोठें तप होतें. जुन्या धर्माच्या कल्पना ज्या शब्दांस चिकटल्या होत्या ते शब्दहि त्यांनीं टाळले. हें भाषांतर सर्व ठिकाणीं गोड वाटतें असें मीं म्हणणार नाहीं. मुळाला धरून राहण्याच्या आग्रहानें कांहीं वाक्यें ओबडधोबड झालीं आहेत, आणि आपल्या मंडळ्यांत आज बहुधा बायबल सोसायटीचें भाषांतरच वाचण्यांत येतें. परंतु स्त्रीधर्मनीतीचें एक पान आणि या शास्त्राचें एक पान शेजारीं ठेवून पहा. चाळीस वर्षांत ही लेखणी किती दूर चालून आली, तें दिसेल.

१९१३ सालीं नवा करार छापून झाला. त्याच सुमारास, १९१२ सालीं, मनोरमाबाईंच्या मदतीनें गुलबर्ग्यास ख्रिस्ती हायस्कूल सुरू झालें. त्या बाजूस शिक्षणाची सोय तेव्हां फार तोकडी होती. दुधनी स्टेशनावर गाडी पकडणाऱ्या आपल्या वाचकांस तें शहर परकें नाहीं. पश्चिमेस केडगांव व पूर्वेस गुलबर्गा, एकाच आगगाडीच्या वाटेवर. मैंदर्गीचा मुलूख या दोहोंच्या मध्यें. आईमागून काम मनोरमाबाई चालवितील असें सर्वांस वाटत होतें. पण २४ जुलै १९२१ रोजीं त्याच वारल्या. बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतर पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. केडगांवचें मुक्ति मिशन आजहि चालू आहे.

संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविले तेथल्या स्त्रियांनीं, ज्यांनीं अक्षरें केडगांवासच गिरविलीं होतीं. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायाचे खिळेहि त्यांच्याच हातांनीं लागले.